फुटाला एकशे साठ, बाकीचं नंतर बघू

घर बांधून झालेल्या कुठल्याही माणसापुढे कारागिरांचा विषय काढून बघावा. पुढचा अर्धा तास आपल्याला बोलावं लागत नाही. गवंड्याने सिमेंट खाल्लेलं असतं, प्लंबरने पाइप, रंगाऱ्याने डबे आणि सुताराने तर अख्खे सहा महिने. या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी एक समजूत पक्की असते: भाव सांगताना कारागीर खोटं बोलतो आणि घरमालक ते भाबडेपणाने ऐकतो. यातलं अर्धं मला मान्य आहे. भाव खोटा असतो. पण तो कारागिराने एकट्याने रचलेला नसतो. त्यात घरमालकाचा निम्मा वाटा असतो, कधीकधी निम्म्याहून जास्त. हे दाखवण्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हल्ली दिसू लागलेला एक कारागीर घेतो, लाकडी जमीन बसवणारा. साध्या फरशीबद्दल गावात प्रत्येकाला सगळं ठाऊक असतं. शहाबादी कुठे घालायची, ओट्याला कडप्पा किती फूट लागतो, व्हिट्रिफाइड टाइलच्या खोक्यात किती नग, हे पारावर बसलेले निवृत्त गुरुजीही सांगतात. लाकडी जमिनीबद्दल मात्र कोणालाच काही ठाऊक नसतं, आणि अशाच ठिकाणी भावाचा मूळ स्वभाव उघडा पडतो.

मागणी कुठून आली हे काही गूढ नाही. २०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री, ओझर हे सगळं त्याआधीही जागेवरच होतं, पण घोषणेनंतर विहिरीकाठी एकर-दोन एकर असलेल्या पुष्कळांना आपल्या रानात पाहुणेही पिकवता येतील असं वाटू लागलं. तिकडे आंबेगावात भीमाशंकरच्या वाटेवर पुण्या-मुंबईकरांची फार्महाऊसं उभी राहिली. मंचर, नारायणगाव, आळेफाटा इथले बंगले तर आहेतच. या घरांत सगळीकडे टाइल असते आणि एका खोलीत, बहुधा वरच्या मजल्यावर, लाकूड. ती खोली दाखवण्यासाठी असते. तिथे चप्पल घालून जायचं नसतं, पाणी न्यायचं नसतं, आणि घरच्यांनी तर शक्यतो जायचंच नसतं.

खरं तर या भागाला लाकडी जमीन नवी नाही. जुन्या वाड्यांतली माडी लाकडाचीच असे: सागवानी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा थर देऊन शेणाचं सारवण. खाली सोप्यात बसलेल्याने मान वर केली की कडीपाट दिसायचा; वर राहणाऱ्याला दिसायची ती मातीच. लाकडाने भार वाहायचा आणि मातीने मिरवायचं, अशी वाटणी होती. आता भार सिमेंटचा स्लॅब वाहतो आणि वर आठ मिलिमीटरचं लॅमिनेट मिरवतं. हे लॅमिनेट म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता, त्यावर लाकडाचा छापील फोटो, आणि फोटो झिजू नये म्हणून वर पारदर्शक टणक थर. त्याच्या वरच्या पायरीवर इंजिनिअर्ड वुड, म्हणजे वरचा पातळ थर अस्सल लाकडाचा आणि खाली प्लायचे थर. सगळ्यात वर सागवानाची किंवा ओकची भरीव फळी, जिची चौकशी सगळे करतात आणि खरेदी फार थोडे.

फोटोला लाकूड म्हणून विकणं हीच पहिली फसवणूक, असं यावर कडक स्वभावाचे लोक म्हणतील. मला ते पटत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला खऱ्या लाकडाच्या कमानदार फासळ्या आहेत आणि त्या दोन हजार वर्षं टिकून आहेत. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात त्याच फासळ्या डोंगराच्या दगडातच कोरून काढल्या आहेत. त्या कशाचाही भार वाहत नाहीत, कारण वर अखंड डोंगर आहे. लाकडी इमारतीची सवय झालेल्या डोळ्यांना बरं वाटावं एवढंच त्यांचं काम. दगडाने लाकडाचं सोंग घेण्याची प्रथा जुन्नरला इतकी जुनी आहे, आणि तरीही सागवानाचे पैसे घेऊन पाषाण दिला अशी एकाही दात्याची तक्रार तिथल्या शिलालेखांत कोरलेली नाही. नक्कल आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असलं की तिच्यात खोटं काही उरत नाही. बिघडतं ते नकलेला अस्सलाचा भाव लावला की. आणि त्याहून जास्त वेळा बिघडतं ते नकलेला तिच्या स्वतःच्या खर्चापेक्षाही कमी भाव सांगितला की. या दुसऱ्या प्रकाराबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण ऐकताना तो फार गोड लागतो.

समजा, खोली बारा बाय पंधराची, म्हणजे १८० चौरस फूट. एक कारागीर सांगतो, फुटाला १६० रुपये. दुसरा सांगतो २१५. पहिल्याचे होतात २८,८०० आणि दुसऱ्याचे ३८,७००. जवळजवळ दहा हजारांचा फरक. यात विचार करण्यासारखं काही नाही, काम पहिल्याला जातं. मग खोके येतात. फळ्या कापताना आठ-दहा टक्के माल वाया जातो आणि अर्धा खोका कोणी देत नाही, म्हणून माल येतो २०० फुटांचा. १६० चा भाव मालाच्या फुटाला होता, खोलीच्या फुटाला नव्हता, हे आत्ता कळतं. झाले ३२,०००. फळीखाली फोम लागतो, २०० फुटांना ८ रुपयांनी १,६००. भिंतीकडेने स्कर्टिंग, दार वगळून पन्नास फूट, ६० रुपयांनी ३,०००. जमीन पाणसळीत नाही. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवली तर खाली तीन मिलिमीटरहून जास्त उजेड दिसतो. तेव्हा लेव्हलचा मसाला, १८० फुटांना १५ रुपयांनी २,७००. उंबऱ्याशी टाइल आणि लाकूड जिथे भेटतात तिथली पट्टी ५००. पुण्याहून गाडीभाडं १,२००. बेरीज ४१,०००. स्वस्तातला माणूस २,३०० रुपयांनी महाग पडला, आणि खोलीचं दार अजून उघडत नाही ते वेगळंच, कारण फळी आणि फोम मिळून जमीन सेंटिमीटरभर वर आली आहे आणि दार खालून तासायचं कोणाच्याच बोलण्यात नव्हतं. यातले दर मी नमुन्यादाखल धरले आहेत. बेरजेची चाल मात्र बाजारातलीच आहे. दुसऱ्याच्या २१५ मध्ये हे सगळं दारासकट धरलेलं होतं. गावात तो महागडा म्हणून प्रसिद्ध आहे.

आता घरमालकाचा वाटा. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मिस्त्री, फुटाला काय घेता?" याचं खरं उत्तर "असं सांगता येत नाही" हे आहे, आणि खरं उत्तर देणाऱ्याचा फोन तिथेच संपतो. जरा चिकाटीचा असला तर म्हणतो, "दादा, आधी खोली बघू द्या." दादांच्या मनात लगेच येतं, खोली बघून भाव सांगणार म्हणजे आमची ऐपत बघून सांगणार. खोली बघायला आलेला प्रामाणिक माणूस तर आणखीच संशयास्पद वागतो. लाकडाचं नाव काढत नाही. स्लॅब कधी पडला, खिडकीतून पावसाची झड आत येते का, पलीकडच्या अंगाला न्हाणीघर आहे का, वाळवीचं औषध मारलं होतं का, याच चौकशा. कोपऱ्यांना गुण्या लावून खोली गुण्यात नसल्याचं घरमालकाला तोंडावर सांगतो. तळमजल्याचं काम असलं तर प्लॅस्टिकचा दोन फुटी तुकडा जमिनीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवतो आणि "उद्या येतो" म्हणून निघून जातो. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब दिसले, तर जमिनीत ओल आहे आणि तिच्यावर लाकूड घालणं म्हणजे पैसे भिजत घालणं आहे. या परीक्षेला दहा रुपयेसुद्धा खर्च येत नाही. पण तोवर दादांनी दुसऱ्याला फोन लावलेला असतो, आणि त्याने खोली, तालुका आणि ऋतू यांतलं काहीही न विचारता १६० सांगून टाकलेले असतात.

तालुका आणि ऋतू हे मी गमतीने म्हणत नाही. लाकूड कापल्यावरही हवेतली ओल घेत आणि सोडत राहतं. ओल घेतली की फळी रुंदीत फुगते, सोडली की आकसते. लांबीत जवळजवळ हलत नाही. म्हणून भिंतीकडेने दहा-एक मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकायची, आणि आणलेले खोके निदान दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवून मगच कामाला हात घालायचा, असा या धंद्याचा नियम आहे. आता जुन्नर आणि आंबेगाव यांचा नकाशा बघा. दोन्ही तालुक्यांची पश्चिमेची बाजू सह्याद्रीच्या कड्यावर, जिथे पाऊस हजारांनी मोजायचा. पूर्वेची बाजू बेल्हे, आणे, लोणी-धामणीकडे, जिथे तो शेकड्यांवरच थांबतो. पश्चिमेकडच्या आहुप्याला श्रावणात फुगलेल्या फळ्या बसवल्या तर चैत्रात त्यांच्यात बोट जाईल एवढ्या नसल्या तरी मुंग्या जातील एवढ्या फटी पडतात. चैत्रात आकसलेल्या फळ्या भिंतीला घट्ट टेकवून बसवल्या तर श्रावणात जमीन मधोमध उचलली जाते आणि खोलीत टेकडी तयार होते. पर्यटन तालुक्यात टेकड्यांना तोटा नाही; शयनगृहात आणखी एक लागते असं नाही. तेव्हा दोन्हीकडे एकच भाव सांगणारा माणूस एका टोकाला तरी खोटा पडणारच.

यावर व्यवहारी माणूस विचारेल, मग सरासरी काढून एक भाव का सांगत नाही? सांगता येतो. पण मग बेल्ह्याच्या कोरड्या, पाणसळीतल्या, गुण्यातल्या खोलीचा मालक आहुप्याच्या ओलाव्याचे पैसे भरणार, आणि त्याला ते कधी कळणारही नाही. त्याला कळत नाही म्हणून तो खूश राहील हे कबूल. पण हा तर प्रामाणिकपणाच्या विरोधातला युक्तिवाद झाला.

इथले लोक भावाच्या बाबतीत अडाणी आहेत असं मात्र कोणी समजू नये. अख्ख्या महाराष्ट्रात भावाचं इतकं कडक शिक्षण क्वचितच कोणाला मिळत असेल. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात जुलै २०२३ मध्ये वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांची पायरी ओलांडली, आणि पाऊस सरायच्या आत तोच भाव असा कोसळला की तोडणीची मजुरी निघेना. ज्याने आपल्या मालाचा भाव जन्मात कधी स्वतः सांगितलेला नाही, नेहमी दुसऱ्याने पुकारलेला ऐकला आहे, त्याला घर बांधताना पहिल्यांदाच कोणाचा तरी भाव पाडायची संधी मिळते. ती तो सोडेल अशी अपेक्षा करणं अमानुष आहे. माझी तक्रार घासाघिशीबद्दल नाहीच. घासाघीस कशाची करायची हे याच माणसांना इतर ठिकाणी किती नेमकं कळतं, तेवढंच मला दाखवायचं आहे. बैलबाजारात बैल घेताना दात मोजतात, खूर बघतात, चालवून बघतात, आणि मग भाव निघतो, घरी बसून फोनवर "शिंगाला काय घेता?" असं कोणी विचारत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेवाले सुपारी ठरवायला येतात. तिथली ओढाताण ऐकण्यासारखी असते. पण फडमालक आधी गाव कोणतं आणि तिथी कोणती ते विचारतो, कारण मोठ्या यात्रांच्या तिथीचा भाव वेगळा आणि आडदिवसाचा वेगळा. तिथी विचारली म्हणून एकही यात्रेवाला "आमची ऐपत बघता काय?" असं म्हणत नाही. तिथी न विचारता भाव सांगणाऱ्या फडावर उलट संशय घेतला जाईल, की हा ऐनवेळी येतो की नाही. हीच मंडळी घरी परतल्यावर लाकडी जमीनवाल्याकडे तिथीशिवायचा भाव मागतात.

शिवाय घरमालकही तोंडी एक कोटेशन देतच असतो, आणि ते कोणी तपासत नाही. "पुढे धाकट्या भावाचं घर आहे, तेही काम तुमचंच." (धाकटा भाऊ अजून बारावीत असतो.) "पैसे लगेच, रोख." "बाहेर तर एकशे चाळीसने करतात." "तुम्ही काय घरचेच आहात." यातल्या प्रत्येक वाक्याची किंमत कारागिराने आपल्या भावातून वजा करावी अशी अपेक्षा असते. बिलाचा प्रश्न तर दोघांनी मिळून डोळे मिटून ओलांडायचा पूल आहे. बिल हवं असेल तर जीएसटी लागेल हे सांगणारा कारागीर घरमालकाला भांडखोर वाटतो. बिलाचं नावच न काढणारा समजूतदार. सहा महिन्यांनी फळी उचलली गेली की हाच घरमालक बिल शोधत बसतो.

पुण्यातल्या दुकानांसारखी "एकच भाव" अशी पाटी लावली की प्रश्न मिटेल, हा उपाय नेहमी सुचवला जातो. चितळ्यांच्या दुकानात बाकरवडीचा भाव करणारा माणूस अजून जन्मायचा आहे हे खरं. पण बाकरवडी मंचरला खा नाहीतर माळशेजला, तिचा कोपरा गुण्यात आहे की नाही हे कोणाला बघावं लागत नाही. पाटी वस्तूला शोभते. इथे निम्मा माल दुकानातून येतो आणि निम्मा, म्हणजे खोली, घरमालकाचा असतो.

दुसरी हळहळ असते ती जुन्या काळाची. पूर्वी सुतार गावचा होता, शब्दाला किंमत होती, भावाची भानगड नव्हती. भानगड नव्हती, कारण भावच नव्हता. सुतार पहिल्या ओळीचा बलुतेदार. वर्षभर नांगर-पाभर दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ साली निघाला. तो वाचला तर खळ्यावरची देवघेव काही भक्तिभावाने चालत नसे हे ध्यानात येतं; शेतकऱ्याला वाटे बलुतेदार लुटतात, बलुतेदाराला वाटे कुणबी हात आखडतो. आणि नवं घर बांधायचं काम साधारणपणे बलुत्यात बसत नसे; त्याची मजुरी वेगळी ठरे, म्हणजे घासाघीस आलीच. फरक इतकाच की ज्याच्याशी भांडायचं तो सुतार पुढच्या मृगाला पाभर घेऊन पुन्हा लागणार होता. बेताबेताने भांडायला दोघांनाही ते पुरेसं कारण होतं.

कारागीर बिचारे सगळे धुतल्या तांदळासारखे, असं मी म्हणतोय की काय? मुळीच नाही. दुकानदाराकडून मिळणारं कमिशन हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. कोणत्या दुकानातून माल आणायचा हे कारागीर जितक्या कळकळीने सांगतो, तितकं बहुधा त्याचं कमिशन असतं. एक इंची म्हणून घेतलेली फळी रंधा मारल्यावर पाऊण इंच भरते, आणि हे आधी सांगायचं की मागाहून हा ज्याच्या त्याच्या चारित्र्याचा प्रश्न आहे. पण इथेही मला गंमत वाटते ती वखारीतल्या ओंडक्यांच्या जुन्या मोजणीची. ओंडक्याचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाच्या अठराव्या शतकातल्या कोष्टकांमुळे रूढ झालेली ही रीत. भूमितीने तपासली तर ती ओंडक्याचं खरं आकारमान साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच दाखवते. म्हणजे माप चक्क साडेएकवीस टक्क्यांनी खोटं. तरी कोणी फसत नाही, कारण साल आणि कापणीतली घट त्यात धरली आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक आणि देणाऱ्यालाही. चुकीचं माप दोघांनी माहीत असून मान्य केलं तर तो व्यवहार सरळ होतो. तेव्हा १८० फुटांच्या खोलीला २०० फुटांचा माल लागतो हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर वेस्टेज. शेवटच्या दिवशी सांगितलं तर फसवणूक. वीस फूट तेच.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. लबाड कारागीर एकदा फसवेल. मग बाजार त्याला हाकलेल आणि प्रामाणिकाची भरभराट होईल, असं अर्थशास्त्राची आवड असलेले लोक म्हणतात. पण त्याच अर्थशास्त्रातल्या जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की विकणाऱ्याला माल ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही अशा ठिकाणी घेणारा सगळ्यांनाच मध्यम समजून भाव देतो. मग चांगल्या मालाला तो भाव परवडत नाही आणि चांगला माल बाजारातून निघून जातो. त्यांना २००१ साली नोबेल मिळालं. आळेफाट्यावर हा शोध टाइलच्या कुठल्याही दुकानात फुकट मिळाला असता. त्यातही मोटार माणूस दोन-चारदा घेतो. लाकडी जमीन आयुष्यात एकदा. दुसऱ्यांदा फसायला गिऱ्हाईक परत येतच नाही, तर ते शिकणार कधी? सोयरिकीच्या जाळ्यातून बातमी पसरते हे खरं, पण पसरतो तो आकडा. लग्नात, दशक्रियेला, कीर्तनाच्या पंगतीत "आम्ही एकशे साठने केलं" हे वाक्य फिरतं. ४१,००० ची बेरीज फिरत नाही, कारण ती सांगण्यात आपलाच कमीपणा असतो. अशा रीतीने फसलेला घरमालक स्वस्त कारागिराची जाहिरात फुकट करत राहतो.

याच जुन्नरच्या लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख कोरलेले आहेत. श्रेणी म्हणजे कारागिरांचे संघ. दानधर्माचा पैसा त्यांच्याकडे ठेवीसारखा सोपवला जाई आणि त्यातून दरमहा ठरलेली रक्कम येई. बांबूच्या टोपल्या विणणाऱ्यांवर लोक कायमचा पैसा सोपवत, कारण एक माणूस बुडाला, मेला, पळाला तरी संघ जागेवर राहायचा. आजच्या लाकडी जमीनवाल्याच्या मागे काय असतं? एक मोबाइल नंबर, आणि तोही रिचार्ज संपेपर्यंत. संघटना करा असा उपदेश मी त्याला करणार नाही. संघटनेचा अध्यक्ष कोण यावरच दोन्ही तालुक्यांत दोन गट पडतील.

मग त्याने करावं काय? निदान लिहून द्यावं. नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेच्या लेखात यज्ञात दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांचे आकडे दगडावर कोरलेले आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या लिखित अंकांत त्यांची गणना होते. ज्या तालुक्यात राणीने दान दिलेल्या गायींचा हिशोब कोरून ठेवला, तिथे चाळीस हजारांचं कोटेशन बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहिलं जातं आणि त्यातही "बाकीचं नंतर बघू" ही ओळ सर्वांत मोठी असते. कागदावर खोलीचं माप, मालाचं माप, फळीचा प्रकार, फोम, स्कर्टिंग, लेव्हल, पट्टी, दार, गाडीभाडं, मजुरी आणि स्वतःचं कमिशनसुद्धा लिहावं. खाली काय धरलेलं नाही तेही लिहावं. एवढं करून अडचण एकच उरते. घरमालक तो कागद वरपासून खालपर्यंत वाचेल, मान डोलावेल आणि म्हणेल, "सगळं बरोबर आहे. पण शेवटचं किती?" म्हणजे ३८,७०० चे ३८,००० झाल्याशिवाय त्याला झोप येणार नाही. आता कारागिराने हे सातशे आधीच कुठेतरी, समजा लेव्हलच्या मसाल्यात, लपवून ठेवले तर इतका वेळ चाललेला प्रामाणिकपणा त्या मसाल्यात गाडला गेला. आणि नाही ठेवले तर ते त्याच्या मजुरीतून जाणार. त्यावर माझी सूचना अशी की कागदाच्या तळाशी एक वेगळी ओळ घालावी: "घासाघिशीसाठी जादा धरलेले, रुपये ७००." एकूण ३९,४००. काहीही लपवलेलं नाही, सगळं उघड. घरमालक ती ओळ वाचेल, पेनाने सातशे खोडेल, मिस्त्रीकडे कौतुकाने बघेल आणि म्हणेल, "हे तर तुम्हीच कमी केलेत. आता आमच्यासाठी किती?"